फोटोतला गाऊन आणि त्याच्या आतलं अस्तर

फोटो पोस्टकार्डाएवढा. एक तरुण बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. गळा हनुवटीपर्यंत लेसने झाकलेला. छातीपुढे कापड फुगून कमरेच्या पट्ट्यावर टेकलंय. बाह्या कोपराशी संपतात आणि तिथून लेसच्या दोन झालरी खाली येतात. घागरा कमरेखाली अगदी चापून बसलेला, आणि गुडघ्याच्या खाली मात्र एकदम फुलून जमिनीला लागलेला. फोटोत सगळं पांढरं दिसतं.

मी इंग्लंडात डार्बीत राहते, घरूनच शिवणकाम करते. बरंचसं काम उंची कमी करणं, चेन बदलणं, लग्नाचे कपडे अंगाबरोबर करणं असं असतं. मे महिन्यात एक बाई हा फोटो घेऊन आल्या. फोटोतली बाई त्यांची पणजी. सप्टेंबरमध्ये त्यांच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस होता आणि त्या दिवशी त्यांच्या चोवीस वर्षांच्या मुलीने अगदी असाच गाऊन घालून आजीपुढे यावं, अशी त्यांची इच्छा. फोटो दाखवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "पॅटर्न मी आणलाय, तुम्हाला फक्त शिवायचंय."

पाकिटावर 'एडवर्डियन गाऊन' असं छापलेलं होतं. पुढचे तीन आठवडे त्या एका शब्दाने खाल्ले. हे प्रकरण तपशीलवार लिहितेय, कारण अशा गाऊनचा पॅटर्न शोधायला निघालेली जवळजवळ प्रत्येक बाई याच शब्दापाशी अडकते.

तो पॅटर्न एका मोठ्या कंपनीचा होता, नाव सांगत नाही. पाकिटावरचं चित्र सुंदर होतं, पण आतले कागद पसरले आणि शंका आली. कंबर छातीच्या लगेच खाली. पुढे दोन साधे टक्स, मागे चेन, अस्तर नाहीच. घागऱ्याच्या प्रत्येक कळीला उभ्या धाग्याची खूण बरोब्बर मधोमध. म्हणजे आजचा फ्रॉक, वर लेस लावून जुन्या दिवसांसारखा केलेला. तरीही गिऱ्हाइकाने पैसे मोजून आणलाय म्हणून मी मांजरपाटावर एक नमुना शिवला. मुलीने घातला, आम्ही तिघी आरशासमोर उभ्या राहिलो आणि फोटो शेजारी धरला. मुलगीच म्हणाली, "हिच्या छातीपुढे हवा भरल्यासारखं आहे, माझ्या पुढे पिशवी लटकल्यासारखं." अगदी नेमकं बोलली ती. पुढे या कामाची दिशा तिच्या त्या वाक्याने ठरली.

वर्ष आधी

सातवा एडवर्ड २२ जानेवारी १९०१ ला गादीवर आला आणि ६ मे १९१० ला गेला. जेमतेम सव्वानऊ वर्षं. पण आज बाजारात 'एडवर्डियन' म्हणून जे विकलं जातं ते पहिल्या महायुद्धापर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत ताणलेलं असतं. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली, त्या काळातले उंच कमरेचे, सरळ, अरुंद गाऊन लोकांच्या डोळ्यांसमोर असतात, आणि 'एडवर्डियन' म्हटलं की तेच पुढे येतात. खरं तर १९०३ चा गाऊन आणि १९१२ चा गाऊन यांच्यात बाईची आकृतीच वेगळी आहे. १९०८ च्या आसपास कंबर वर सरकली, घेर कमी झाला, छातीपुढचा फुगा गेला. त्याआधीचा सगळा डौल वेगळ्या कॉर्सेटवर, म्हणजे आत घालायच्या, ताठ काड्यांच्या घट्ट बंडीवर उभा होता. त्याचा पुढचा भाग सरळसोट, त्यामुळे छाती पुढे आणि कंबरेखालचा भाग मागे जाई, आणि बाजूने पाहिलं तर अंगाला इंग्रजी 'एस'सारखा बाक येई.

म्हणून पॅटर्न शोधण्याआधी मी फोटोचं वर्ष शोधलं. घरात सगळे '१९१२ च्या सुमाराचा' म्हणत होते. मी फोटो उलटा केला. मागे मधोमध उभी रेघ होती, एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता. अशी दुभंगलेली पाठ ब्रिटनमध्ये १९०२ पासून चालू झाली. म्हणजे त्याआधीचा फोटो नाही. तो कुठल्या वर्षापर्यंतचा असेल, ते कपड्याने सांगितलं. त्या वर्षांत बाहीचा फुगवटा एका जागी थांबत नाही, आणि वर्ष ओळखायला याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही. १९०१ ते १९०४ मध्ये फुगवटा खाली, मनगटाजवळ असतो. १९०५-०६ मध्ये तो वर चढतो, दंडावर येतो, आणि बाही बऱ्याचदा कोपराशीच संपते. १९०९-१० पर्यंत फुगवटा जाऊन बाही लांब आणि घट्ट होते. आमच्या बाईचा फुगवटा दंडावर होता, झालर कोपराशी होती, कमरेचा पट्टा पुढे किंचित खाली उतरलेला होता. म्हणजे १९०५ ते १९०७. मी कागदावर '१९०६' लिहिलं आणि घरच्यांच्या समजुतीपासून सहा वर्षं मागे आले.

रंगाचाही एक तिढा होता. फोटोत गाऊन पांढरा, पण आजी सांगत होत्या की त्यांच्या आईच्या तोंडून 'निळा गाऊन' असंच ऐकलंय. घरात यावरून वाद होता. त्या काळी फोटो ज्यांवर उतरवत त्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि लालला जवळजवळ आंधळ्या असत, त्यामुळे फिकट निळं कापड फोटोत पांढरं उमटे आणि लाल कापड काळपट. फोटो आणि आजी, दोघंही खरं सांगत असणं शक्य होतं. आम्ही फिकट निळा धरला.

'गाऊन' म्हणून शोधलं तर सापडत नाही

वर्ष हातात आल्यावरही आठवडाभर हाताला काही लागेना, कारण मी चुकीचा शब्द शोधत होते. त्या काळचे बहुतेक गाऊन म्हणजे दोन वेगळे कपडे, वरचं अंग आणि घागरा, एकाच कापडाचे आणि कमरेवर आकड्यांनी, म्हणजे हुकांनी अडकवलेले. फोटोत ते सलग दिसतात. पॅटर्नसुद्धा दोन वेगळ्या पाकिटांत विकले जात. वरच्या अंगाचं पाकीट छातीच्या मापावर घ्यायचं, घागऱ्याचं कमरेच्या मापावर. ब्रिटनमध्ये वरच्या अंगाला बॉडिस म्हणत. अमेरिकन पॅटर्नवाले मात्र 'वेस्ट' म्हणत, म्हणजे कंबरेला जो इंग्रजी शब्द आहे तोच, आणि त्यामुळे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. 'गाऊन' सोडून 'बॉडिस', 'वेस्ट', 'सात कळ्यांचा स्कर्ट' असं शोधायला लागले आणि एका संध्याकाळी समोर ढीग जमला.

त्या ढिगात काय काय होतं ते सांगते.

मूळ कागद अजून मिळतात. बटरिकने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली होती, त्यामुळे १९०६ पर्यंत हा धंदा घरोघरी पोचलेला होता. इंग्लंडात वेल्डनच्या मासिकांबरोबर पॅटर्न मिळत. पण हे कागद आजच्यासारखे छापील नाहीत. पातळ टिश्यू कागद, कापूनच दिलेला, वर एक अक्षर नाही. नुसती भोकं आणि खाचा. मोठी भोकं उभा धागा दाखवतात, लहान भोकं टक्स नाही तर चुण्या, आणि कोणतं भोक कशाचं ते पाकिटावरच्या बारीक मजकुरात. पाकीट हरवलं असेल तर त्या कागदाचा अर्थ लावायला अनुभवी हात लागतो. शिवाय एका पाकिटात एकच माप. मी एक मूळ पॅटर्न ओळखीच्या बाईकडे हातात घेऊन पाहिला. घडीवर तो तुटायला आला होता. त्यावर टाचणी लावायची हिंमत होत नाही, फक्त खालून दुसरा कागद घालून कडेने नक्कल करायची.

ऱ्होड आयलंड विद्यापीठाचा व्यापारी पॅटर्नचा एक संग्रह आहे. पाकिटावरच्या चित्रांबरोबर पॅटर्नच्या तुकड्यांचे छोटे आराखडेही तिथे पाहायला मिळतात. मला याचा सगळ्यात मोठा उपयोग झाला. त्यावरून कापड बेतता येत नाही, पण १९०६ च्या वरच्या अंगाला किती तुकडे असत आणि ते कोणत्या आकाराचे, हे एका नजरेत कळतं. दहा-बारा आराखडे शेजारी ठेवले आणि एक गोष्ट परत परत दिसली. प्रत्येकात तुकड्यांचे दोन संच होते. एक संच बारीक, वळणदार, अंगाला चिकटणारा. दुसरा संच मोठा, ढगळ, जवळजवळ आकारच नसलेला. मी आधी समजले की दोन वेगवेगळे ब्लाउज एका पाकिटात दिलेत.

जुन्यावरून पुन्हा काढलेले पॅटर्नही आहेत. फोकवेअरचा गिब्सन गर्ल ब्लाउज आणि त्याच्याबरोबरचा वॉकिंग स्कर्ट मी मागे एकदा शिवला होता, आणि या काळातलं पहिलंच काम करणारीने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. ट्रुली व्हिक्टोरियन, पास्ट पॅटर्न्स यांच्याकडेही या वर्षांचे पॅटर्न आहेत. त्यांची मापं आजच्या अंगांना धरून वाढवलेली असतात, सूचना कळण्यासारख्या असतात. पण आमच्या फोटोतलं लेसचं योक, म्हणजे गळ्याखालचा वेगळा जोडलेला तुकडा, आणि त्याखालच्या चुण्या यांना नेमका जुळणारा एकही मिळाला नाही.

आणि जॅनेट अर्नोल्ड यांचं 'पॅटर्न्स ऑफ फॅशन', त्याचा १८६० ते १९४० हा काळ घेणारा दुसरा भाग, १९६६ चा. संग्रहालयांतले खरे कपडे आत-बाहेरून मोजून त्यांनी ते चौकटीच्या कागदावर उतरवले. तिथला एक अष्टमांश इंच म्हणजे खरा एक इंच, म्हणजे सगळं आठपट वाढवायचं. पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असली तर आठपटीत ती चार मिलिमीटरची होते, म्हणून रेघेच्या कोणत्या कडेवर मोजायचं ते आधी ठरवून पाळावं लागतं. पण त्या पानांत जे आहे ते दुसरीकडे नाही. कपडा आतून कसा आहे ते त्यांनी काढून दाखवलंय. अस्तराच्या शिवणी, त्यांवरच्या काड्या, कमरेची आतली पट्टी, एकेक आकडा.

आईचा फोन

आई सांगलीत असते. तिने तीस वर्षं शिवण क्लास चालवला. मी तिला त्या दोन संचांबद्दल सांगितलं. एक चापून बसणारा, एक ढगळ, आणि दोन्ही एकाच कपड्याचे, हे मला जुळत नाही, असं.

माझ्या गोंधळाचं मूळ आमच्या सवयीत होतं. आपण अस्तराचा ब्लाउज शिवतो तेव्हा अस्तर आणि कापड एकावर एक ठेवून सारखंच कापतो, कडेने कच्चा टाका घालून एक करतो आणि मग ते एकच कापड समजून टक्स घालतो. अस्तर म्हटलं की माझ्या हाताला तेवढंच माहीत. आईने विचारलं, "चुण्यांच्या गळ्याचा ब्लाउज कसा शिवतेस गं? आधी अस्तर अंगाबरोबर करतेस, मग त्याच्यावर चुण्या मांडतेस, हो ना? मग तेच आहे हे."

तेच होतं. १९०६ च्या गाऊनमध्ये अंगाला बसतं ते अस्तर. जाड सुती कापडाचं, कॉर्सेटवर घट्ट बसणारं, शिवणी-शिवणीवर काड्या घातलेलं. वरचं रेशीम किंवा मलमल त्या अस्तरावर नुसतं मांडलेलं असतं. ते पुढे अस्तरापेक्षा दोन-तीन इंच लांब कापतात, चुण्या घेऊन कमरेवर अस्तरालाच टाचतात, आणि ते जास्तीचं कापड खाली घसरायला जागा नसल्याने पुढे फुगून उभं राहतं. बाहीचंही तसंच. आत घट्ट दोन तुकड्यांची अस्तराची बाही, तिच्यावर ठरलेल्या उंचीला फुगवटा टाचलेला. अस्तर काढून टाका, फुगवटा सरळ मनगटाकडे घसरतो. मुलगी 'पिशवी' म्हणाली होती ना, त्याचं कारण हे. त्या छापील पॅटर्नमध्ये वरचं कापड होतं आणि आतलं अंगच नव्हतं.

मग शोधायचं काय ते स्पष्ट झालं. फोटोतल्या लेसशी, चुण्यांशी जुळणारा पॅटर्न शोधत बसायची गरजच नव्हती. ते सगळं फोटो बघून मांडता येतं. मला १९०६ चं एक चांगलं अस्तर हवं होतं, या मुलीच्या मापाचं.

ते मी कुठल्याच पाकिटातून घेतलं नाही. त्या काळची कटिंगची पुस्तकं, हक्क संपलेली, इंटरनेट अर्काइव्हवर पानं उलटून वाचता येतात. त्यांतल्या एकातली पद्धत वाचायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर मला घरी आल्यासारखं वाटलं. आडवी रेघ, उभी रेघ, छातीच्या मापाचा अमुक भाग इथे, कमरेचा अमुक भाग तिथे, बिंदू जोडा, वळण द्या. शिवण क्लासात खाकी कागदावर आपण हेच करतो. इंग्लंडात वाढलेल्या माझ्या मैत्रिणी पाकिटातून पॅटर्न काढून शिवायला शिकल्या, त्यांना अशी पानं गणितासारखी वाटतात. आपल्याकडे मापावरून बेतणं हीच पहिली पायरी. एडवर्डियन कपड्यांकडे वळू पाहणाऱ्या मराठी शिवणाऱ्यांना म्हणून मी सांगेन, पाकिटांच्या मागे लागण्याआधी ही पानं उघडा, तुमचा हात तयार आहे.

फरक आहेत, आणि ते महत्त्वाचे. उभी मापं आपल्यापेक्षा जास्त घेतात. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ, तिथूनच खांद्यावरून पुढे कमरेपर्यंत, आणि काखेपासून कमरेपर्यंत बाजू. हे शेवटचं माप मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. पाठ अरुंद, मुंढा लहान आणि वर, काखेला लागून. आजच्या सैल मुंढ्याची सवय असलेल्याला तो चुकलाय असं वाटतं, पण मुंढा वर असला की हात उचलताना सगळं अंग वर येत नाही. एका बाजूला पाच तुकडे होतात. पुढचा, त्यात दोन टक्स, मग काखेखालचा, मग पाठीचे.

मांजरपाट

पहिला नमुना कमरेवर सुंदर बसला आणि छातीवर इंचभर कमी पडला. सगळी मापं परत घेतली, गणित तपासलं, चूक दिसेना. शेवटी लक्षात आलं की मुंढ्याचं वळण मी विकत घेतलेल्या एका पीडीएफवरून जुळवून घेतलं होतं आणि त्याच कागदावर पुढच्या तुकड्याची रुंदीही मापली होती. दुकानातून छापून आणताना ते 'पानात बसवा' या पर्यायाने छापलं गेलं. तपासायचा चौकोन चार इंचांचा हवा, माझ्या कागदावर तो तीन आणि सात अष्टमांश भरला. दिसायला काहीच फरक नाही, पण छत्तीस-सदतीस इंचांच्या छातीवर तो इंचाच्या वर जातो. तो चौकोन मी मोजला नव्हता. आता कात्री हातात घेण्याआधी टेप त्या चौकोनावर ठेवते.

दुसऱ्या नमुन्याच्या वेळी कॉर्सेटचा प्रश्न सोडवावा लागला. माझ्या मते कॉर्सेट आधी आणि मापं त्यावरून, हाच खरा क्रम. पण मुलीला दम्याचा त्रास होता, आणि दिवसभर ते घालून वावर असं तिला सांगायची माझीही तयारी नव्हती. मग अस्तरालाच थोडं कॉर्सेटचं काम दिलं. जाड सुती कापड घेतलं, शिवणींवर प्लास्टिकच्या बारा काड्या, आणि आतून कमरेला एक वेगळी घट्ट पट्टी, फक्त शिवणींपाशी टाचलेली, तिचे आकडे वेगळे. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या बॉडिसमध्ये ही पट्टी असते, शिवणाऱ्याचं नाव बहुधा तिच्यावरच विणलेलं असतं. ती आधी लावली की कपड्याचा सगळा भार कमरेवर येतो, बाकीच्या आकड्यांवर ताण येत नाही आणि अंग वर सरकत नाही. ब्लाउजला अशी पट्टी लावून बघा, नाचणाऱ्या मुलींच्या ब्लाउजला तर नक्की. आत छातीपुढे झालरींची एक छोटी चोळीसारखी बंडी दिली. फुग्याला थोडा आधार मिळाला.

घागऱ्यावर मी दोन दिवस जास्त घालवले, आणि त्याचं समाधान वाटतं. सात कळ्या. आपल्या परकराच्या कळ्या ज्यांनी कापल्यात त्यांना कळीला एक सरळ कड आणि एक तिरपी कड असते हे माहीत आहे. १९०६ च्या पद्धतीत प्रत्येक कळीची सरळ कड पुढच्या बाजूला आणि तिरपी कड मागच्या बाजूला ठेवतात. म्हणजे प्रत्येक शिवणीत एका कळीची तिरपी कड तिच्या मागच्या कळीच्या सरळ कडेला मिळते. तिरपं कापड मऊ पडतं, सरळ कड त्याला धरून ठेवते, आणि सगळा घेर हळूहळू मागे वळतो. फोटोतल्या बाईचा घागरा पुढे सपाट आणि मागे पाण्यासारखा पसरलेला दिसतो तो यामुळे. पाकिटातल्या पॅटर्नमध्ये उभा धागा कळीच्या मधोमध होता, म्हणून तो चहूकडे सारखाच फुलत होता, छत्रीसारखा. एकच खूण जरा सरकवलेली, पण गाऊनचं सगळं चालणं बदलतं.

तळाचा घेर साडेचार वार झाला. कमरेला जोडून दोन रात्री टांगून ठेवला, कारण तिरपं कापड स्वतःच्या वजनाने उतरतं. मागच्या दोन शिवणी तीन चतुर्थांश इंचांनी उतरल्या. त्यानंतर मुलीला स्टुलावर उभं करून खालची कड आखली.

लेस

कापड फिकट निळं सुती व्हॉइल, म्हणजे पातळ झिरझिरीत कापड, घेतलं. लेसबद्दल मात्र मी हट्ट धरला, कारण आमच्या भागात राहून नायलॉनची लेस लावणं मला पटणारं नव्हतं. शेजारचं नॉटिंगहॅम म्हणजे यंत्रावरच्या लेसचं माहेर. जॉन लीव्हर्स यांचं यंत्र १८१३ च्या सुमाराचं, आणि डार्बीशरमधल्या इल्कस्टनला क्लूनी लेसमध्ये त्या जातीच्या यंत्रांवर लेस अजून विणली जाते. सुती लेस हातात घेतली की कळतं. ती कापडाबरोबर वळते, इस्त्री धरते, आणि दोन्ही कडांनी शिवून मागचं कापड कापून काढलं की खिडकीसारखी मोकळी दिसते. योकवर अशा सहा ओळी, त्यांच्यामध्ये बारीक टक्स. टक्स आधी कापडाच्या सलग तुकड्यावर घालून घेतले, लेस भरली, आणि मगच त्या तयार कापडावर योकचा कागद ठेवून कापला. उलट क्रमाने केलं तर योक आखडतो आणि दोन्ही बाजूंच्या ओळी गळ्यापाशी जुळत नाहीत.

हा क्रम मला पॅटर्नने शिकवला नाही. डार्बीपासून जवळ केडलस्टन हॉल आहे, तिथे व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांचा १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळचा मोरपिसांचा गाऊन आहे. दिल्लीच्या कारागिरांनी जरदोजीत मोरपिसं भरली, प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा चकाकता तुकडा, आणि ते भरलेलं कापड पॅरिसला वर्थ या नामांकित कपडे शिवणाऱ्या पेढीकडे जाऊन त्याचा गाऊन झाला. काही वर्षांपूर्वी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. घागऱ्यावरची पिसं कमरेकडे लहान होत जातात आणि खाली मोठी. भरणाऱ्यांना आणि बेतणाऱ्यांना कळीचा आकार आधीपासून ठाऊक असल्याशिवाय ते जमणारं नाही. त्या कारागिरांचं नाव गाऊनच्या नावात येत नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं. पण कापड आधी घडवायचं आणि मग बेतायचं, ही त्यांची रीत माझ्या उपयोगी पडली.

कॉलर सव्वादोन इंच उंच, जाळीच्या कापडाची, आत चार बारीक काड्या. मागे आकडे आणि फासे एकाआड एक उलटसुलट लावले, म्हणजे हालचालीने आपोआप निसटत नाहीत. हाताची तुरपाई धरून एकंदर चौऱ्यांशी तास लागले. त्यांतले जवळपास वीस तास शिवण्याआधीचे, शोधण्याचे आणि मांजरपाटाचे.

वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात मुलीला गाऊन घालून फोटोतल्यासारखं खुर्चीमागे उभं केलं. समोरून पाहिलं तर जुळत होतं. फुगा जागेवर होता, झालर कोपराशी, घेर मागे. बाजूने मात्र फोटोतला बाक आला नाही. कॉर्सेट नव्हतं, त्यामुळे येणारच नव्हता, आणि हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. पुन्हा असं काम आलं तर कॉर्सेटची गोष्ट मी पहिल्या भेटीतच काढेन, कापडाच्याही आधी. आजींनी कार्यक्रमात काय केलं ते मला त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. त्यांनी पदर हातात घेतात तसा गाऊनचा घेर हातात घेतला आणि आधी रंग बघितला.

खाकी कागदावरचं अस्तर गुंडाळून ठेवलंय. वर लिहिलंय '१९०६, छाती ३७, कंबर २९, कॉर्सेटशिवाय, पाठ पाव इंच कमी केली'. योकचा आणि चुण्यांचा कागद वेगळा ठेवला नाही. पुढच्या वेळी फोटो वेगळा असेल.

ऑक्टोबरमध्ये गाऊन साफसफाईसाठी परत आला. मुलगी तो घालून बागेत, दगडी पायऱ्यांवर, ओल्या गवतात फिरली होती. घागऱ्याच्या तळाला आतून मी लोकरीची जाड पट्टी लावली होती, कापडापेक्षा दोराभर खाली उतरणारी, तेव्हाच्या बायका रस्त्याच्या धुळीसाठी लावत तशी. पट्टी चिखलाने काळी झाली होती आणि एका जागी विरली होती. निळ्या व्हॉइलच्या कडेवर डाग नव्हता. पट्टीचा कच्चा टाका उसवला, ती टाकून दिली आणि नवी लावली. अर्धा तास लागला.